डाव्या मांडीचा जखमी

मी मेलेलो नाही, हे आधी सांगून टाकतो. मला पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण हीच चौकशी करतो, आणि मला ती आता ऐकवत नाही. लष्कराच्या वैद्यकीय प्रशिक्षण केंद्रात, पहिल्या मजल्यावरच्या लांब हॉलमध्ये, हिरव्या सतरंजीवर उताणा पडलेला रबरी जखमी बोलतोय मी. जखमी होणं हाच माझा धंदा. गेली अकरा वर्षं मी दिवसाला चाळीस वेळा रक्तबंबाळ होतो आणि जेवणाच्या सुट्टीत पुसला जातो.

माझा जन्म कारखान्यातला. रबराचं अंग, आत लोखंडी सांगाडा, पोटात एक पंप आणि दोन्ही मांड्यांतून गेलेल्या दोन नळ्या. पंपात लाल पाणी भरायचं, बटण दाबायचं, की मांडीतल्या भोकातून खऱ्यासारखी चिळकांडी उडते. मग शिकाऊ सैनिकानं धावत यायचं, रक्त थांबवायचा पट्टा जखमेच्या वर बांधायचा, पट्ट्यातली दांडी पिळायची आणि रक्त बंद करायचं. माझ्या खोक्यावर छापलं होतं, 'दोन्ही पाय समान कार्यक्षम'. ते खोकं उघडेपर्यंत खरं होतं.

माझ्या उद्घाटनाला एक कर्नल आले होते. त्यांना फोटो हवा होता. त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या उजव्या मांडीला पट्टा बांधला आणि फोटोवाला 'अजून जरा आवळा साहेब' म्हणाला म्हणून तो आवळला. आतली नळी तुटली. सगळं लाल पाणी साहेबांच्या छातीवरच्या पदकांवर उडालं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही, कारण लष्करात कधी हसायचं हे वरून ठरतं. दुसऱ्या दिवशी माझ्या उजव्या गुडघ्यावर चिठ्ठी लागली, 'हा पाय वापरू नये'.

दुरुस्तीचा अर्ज गेला. कारकुनानं अर्जाचा विषय वाचला, 'पाय निकामी', आणि तो इमानदारीत हाडांच्या डॉक्टरांच्या विभागाकडे पाठवला. तिथून उत्तर आलं की रुग्णाला समक्ष आणावे. केंद्रानं कळवलं की रुग्ण रबरी आहे. त्यावर पुन्हा उत्तर आलं की रुग्णाची तब्येत कशीही असली तरी समक्ष आणावे. पुढे ती फाइल कुठल्या कपाटात गेली, ते त्या कपाटालाच ठाऊक. नळी बोटभर लांबीची होती.

तेव्हापासून मी फक्त डाव्या मांडीला जखमी होऊ लागलो.

आमच्या हॉलचा धनी म्हणजे सार्जंट. सुकलेला, ताठ, गळ्यात शिटी आणि हातात थांबघड्याळ. त्याचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं, 'हात चालले पाहिजेत, डोकं माझ्याकडे आहे.' त्यानं एक रीत बसवली. शिटी वाजली की पळत यायचं, माझ्या डाव्या अंगाला गुडघे टेकायचे, 'डावी मांडी!' अशी आरोळी ठोकायची आणि वीस सेकंदांत पट्टा बांधायचा. भिंतीवर विक्रमांचा फळा होता. पहिल्या वर्षी पोरं माझ्याकडे बघून बांधत. तिसऱ्या वर्षापासून बघायचं बंद झालं. कशाला बघायचं? जखम रोज तिथेच. काही जण तर शेजाऱ्याशी गप्पा मारत बांधायचे. मी जखमी असून मला या गोष्टीचा अपमान वाटायचा.

इथे येणाऱ्या पोरापोरींबद्दलही सांगतो. भरतीच्या कचेरीबाहेर एक चित्र लावलंय. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे झेंडा. ते चित्र बघून ही मंडळी साधे सैनिक म्हणून सही करतात आणि घरी सांगतात, मेडिकल लाइन मिळाली. घरचे शेजाऱ्यांना सांगतात, डॉक्टर होणार. इथे आल्यावर पहिले तीन आठवडे कवायत, पुढचे दोन फरशी घासणं, मग चादरीचा कोपरा नेमक्या कोनात दुमडणं, मग रुग्णाचं भांडं न सांडता नेणं. स्टेथोस्कोप त्यांना दिसतो तो मोठ्या डॉक्टरांच्या गळ्यात, तोही लांबून, सलाम ठोकताना.

मागच्या खेपेला आलेल्या तुकडीत एक मुलगी होती. तिला सगळे शंका म्हणायचे. नाव सार्जंटनंच ठेवलं. पहिल्याच दिवशी तिनं हात वर करून विचारलं, "साहेब, जखम उजव्या पायाला असली तर?"

"नसते," सार्जंट म्हणाला.

"पण साहेब, समजा..."

"समजायचं नाही. ए, हिला शंका फार येतात. हिला दर तासाला बाहेर सोडत जा." तेव्हा मात्र हसायची परवानगी होती, म्हणून अख्खी तुकडी हसली.

शंका आधी औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे उभी असायची. डॉक्टर व्हायचं होतं, पण मार्क थोडे कमी पडले. भरतीच्या कचेरीतला माणूस तिला म्हणाला होता, "इथूनही जाता येतं की. फक्त दार मागचं आहे आणि जिना लांब." जिना असा होता. सोळा आठवड्यांचं हे प्रशिक्षण, त्यातल्या सगळ्या परीक्षा पास, मग शस्त्रक्रिया विभागात मदतनीसाचा कोर्स, मग काही वर्षं चांगली नोकरी आणि त्यानंतर सैनिकांसाठी राखलेल्या डॉक्टरकीच्या जागेसाठी अर्ज. एका परीक्षेत दोनदा नापास झालं की थेट चादरकोठी. तिथे चादरी मोजायच्या, घडी घालायच्या, पुन्हा मोजायच्या. तिथून जिना वर जात नाही.

हॉलबाहेर पॅसेजमध्ये फोन होता, त्यामुळे तिचं घर मला पाठ झालं. आई घरी शिवणकाम करायची आणि मामा गावभर सांगत फिरायचा की भाची लष्करात डॉक्टरीण झाली. "आई, मामाला आवर गं. अजून भांडीच उचलतेय मी... नाही, तसली भांडी नाही... कोट नाही, एप्रन आहे... हो, पांढराच आहे. नाही, फोटो नको." शेवटी म्हणायची, "होईन गं. दम धर."

पट्ट्याच्या परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली. तिला चौतीस सेकंद लागले. कारण ती बघायची. शिटी वाजली की धावत यायची, आरोळी विसरायची, मानेपासून सुरुवात करून दोन्ही हात माझ्या अंगावरून फिरवायची, बगला, पोट, दोन्ही पाय, मग कात्रीनं पँट फाडायची, जखम डोळ्यांनी बघायची आणि मगच बांधायची. अकरा वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी तपासलं. माझा ऊर भरून आला. रबराला तो असतो, तुम्हाला माहीत नसेल.

"एवढ्या वेळात पेशंट मेला," सार्जंट घड्याळ तिच्या नाकासमोर धरून म्हणाला.

मला ओरडून सांगावंसं वाटलं की मी बरा आहे.

त्याच तुकडीत एक पोरगा होता, त्याचं टोपणनाव वीज. दहा सेकंदांत पट्टा बांधायचा. दिलानं चांगला, पण परीक्षेच्या आधी डोळे मिटून सराव करायचा आणि त्याचा त्याला अभिमान होता. सार्जंटचा तो लाडका. त्यानं शंकाला सांगून पाहिलं, "अगं, सरळ डावीकडे बस आणि बांध. त्यात काय बघायचंय? पुतळा आहे तो."

"सवय लागली ना, की मग खऱ्या माणसालाही पुतळ्यासारखंच बांधशील," ती म्हणाली.

दुसरी परीक्षा ठरली होती वार्षिक प्रात्यक्षिकानंतरच्या सोमवारी. रोज जेवणाच्या सुट्टीत शंका एकटी सराव करायला यायची. एक दिवस तिनं ठरवलंच. डावीकडे बसली, 'डावी मांडी' म्हणाली आणि न बघता बांधला पट्टा. चौदा सेकंद. तिनं घड्याळ दोनदा बघितलं. आनंद व्हायला हवा होता, पण ती तिथेच सतरंजीवर बसली.

"दुकानात एकदा डबीचा रंग बघून औषध दिलं होतं," ती मला सांगू लागली. माझ्याशी सगळेच बोलतात, मी मधे बोलत नाही म्हणून. "नाव वाचलंच नाही. म्हातारी बाई होती. तिची शेजारीण चांगली, नाव वाचून डबी परत घेऊन आली. म्हातारीनं एक गोळी जरी घेतली असती ना..." मग तिनं पट्टा सोडला आणि माझ्या मांडीवर हात ठेवला. "तुला न बघता बांधलं रे. सॉरी."

त्या दिवशी मला फार भीती वाटली. ती नापास होईल याची, आणि ती पास होण्यासाठी बघायचं सोडून देईल याचीही.

मग आला प्रात्यक्षिकाचा दिवस. जनरलसाहेब येणार म्हणून हॉलला रंग दिला, मला साबणानं धुतलं, आणि केंद्राला मिळालेल्या ढालींचं काचेचं कपाट माझ्या शेजारी आणून ठेवलं. भिंतीवर कापडी फलक टांगला, 'प्रत्येक जीव मोलाचा'. वीज मला वाचवणार होता. शंका नापास, म्हणून तिला माझ्या पंपात लाल पाणी ओतायला मागे बसवलं होतं. पाहुणे खुर्च्यांवर स्थानापन्न झाले आणि नेमकं फलकाचं एक टोक सुटून लोंबू लागलं. त्यावर आता फक्त 'जीव मोलाचा' दिसत होतं.

सार्जंटचा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता. तो स्वतः लोखंडी स्टुलावर चढला. टाचा उंचावून त्यानं फलकाला हात घातला, स्टूल कलंडलं आणि तो बाजूच्या काचेच्या कपाटात गेला. ढाली खणखणत खाली आल्या. काचेचा मोठा तुकडा त्याच्या उजव्या मांडीत घुसला होता. पडता पडता तो तुकडा निघाला आणि खाकी पँट बघता बघता काळी पडू लागली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

खोटं सांगत नाही. त्यांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला. केंद्राचे कर्नल दचकले, पण जनरलसाहेब टाळ्या वाजवताहेत हे बघून तेही वाजवू लागले. वेळ मोजायला बसवलेल्या पोरानं सवयीनं शिटी फुंकली आणि घड्याळ दाबलं. शिटी ऐकल्याबरोबर वीज धावला. तो सार्जंटच्या डाव्या अंगाला बसला. आणि तुम्हाला पटणार नाही, पण खाली काचांत पडलेला सार्जंट स्वतःच ओरडला, "डावी मांडी!"

दहा सेकंदांत पट्टा बांधून झाला. डाव्या मांडीला. चकाचक, धडधाकट, कसलाही ओरखडा नसलेल्या मांडीला. टाळ्या वाढल्या. वीज हात वर करून उभा राहिला आणि त्याच्या बुटांखालून रक्ताचा ओघळ पुढच्या रांगेच्या दिशेनं निघाला.

"अगदी खऱ्यासारखं हो," जनरलसाहेब म्हणाले.

शंका माझ्या मागून उठली. लाल पाण्याची बादली तिच्या हातून सांडली. धावताना तिनं माझ्या खिशातली कात्री आणि माझ्या कमरेला लटकवलेला रक्त थांबवायचा पट्टा ओढून घेतला. वीजला तिनं कोपरानं बाजूला ढकललं.

"अगं, बांधलाय मी!"

"ओल कुठे आहे ते बघ ना!" ती किंचाळली.

ती गुडघ्यांवर बसली. तिच्या हातांनी क्रम सोडला नाही. मान, बगला, पोट, मांड्या. उजवीकडे हात लाल झाले. तिनं पँट फाडली, जखम बघितली, जखमेच्या वर पट्टा ओढला आणि दांडी पिळू लागली. सार्जंट वेदनेनं ओरडला. तिनं अजून पिळली. रक्त थांबलं. मग तिनं डाव्या पायाचा पट्टा सोडला आणि सार्जंटच्या कपाळावर पेनानं पट्टा बांधल्याची वेळ लिहिली. तेव्हा कुठे पाहुण्यांमधून एक बाई किंचाळल्या आणि सगळ्यांना कळलं.

सार्जंट पांढराफटक पडला होता. त्यानं ओठ हलवले. "किती लागले?"

"शंकाला एकतीस, साहेब," वेळ मोजणारा पोरगा रडवेला होऊन म्हणाला.

"नापास," सार्जंट म्हणाला आणि बेशुद्ध झाला.

सार्जंट तीन आठवडे इस्पितळात होता. तोवर परीक्षा पुढे गेली आणि चौकशी समिती बसली. तिघे अधिकारी माझ्याभोवती खुर्च्या टाकून बसले होते, म्हणून मला अहवाल तोंडपाठ आहे. घडलेल्या प्रकाराला त्यांनी 'पूर्वनियोजित नसलेले प्रात्यक्षिक' म्हटलं. वीजनं शिकवल्याप्रमाणे आणि विक्रमी वेळेत पट्टा बांधला, म्हणून त्याला शाबासकीचं पत्र मिळालं. शंकाकडून मात्र दोन मुद्द्यांवर लेखी खुलासा मागवला. पहिला, अभ्यासक्रमातला पाय सोडून दुसरा पाय का निवडला? दुसरा, वरिष्ठाची सरकारी पँट कोणाच्या परवानगीनं फाडली? तिनं एका ओळीत उत्तर दिलं, 'रक्त उजवीकडून येत होतं.' त्यावर शेरा पडला, 'खुलासा त्रोटक'.

वीज शाबासकीचं पत्र घेऊन एकदा हॉलमध्ये आला होता. शंका फरशी पुसत होती. "मला दिसलंच नाही गं," तो म्हणाला. "डोळे उघडे होते माझे. तरी नाही दिसलं." तिनं त्याच्या हातात दुसरं फडकं दिलं. दोघांनी मिळून फरशी पुसली. ते पत्र त्यानं घरी पाठवलं नाही, एवढं मला माहीत आहे.

सार्जंट कुबड्यांवर परत आला तो थेट माझ्याकडे. बराच वेळ माझ्या उजव्या गुडघ्यावरची पिवळी पडलेली चिठ्ठी वाचत उभा राहिला. इस्पितळातल्या सर्जननं त्याला स्वच्छ सांगितलं होतं की अजून तीन-चार मिनिटं गेली असती तर तुम्ही इथे नसता. "अकरा वर्षं," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "किती पोरं शिकवली असतील रे मी?" मला आकडा माहीत होता. तो त्यालाही माहीत होता. त्या माणसाचा मला अकरा वर्षं राग होता, पण त्या क्षणी त्याची कीव आली.

शंकाची दुसरी परीक्षा झाली त्या दिवशी हॉलमध्ये चौघंच होतो. ती, सार्जंट, मी आणि कर्नलसाहेबांच्या कचेरीतला कारकून. कारकून आकडा लिहायला आला होता, आणि कर्नलसाहेबांनी त्याला बजावलं होतं की नियम म्हणजे नियम, वीसच्या वर गेली की चादरकोठी. नियम काय, जखम काय, सगळं जुनंच होतं. डावी मांडी, वीस सेकंद. तिला चौदात बांधता येतं हे फक्त मला ठाऊक होतं. माझ्याजवळ देव असता तर मी त्याला सांगितलं असतं की आज एकदाच तिला न बघता बांधू दे.

शिटी वाजली. ती धावत आली. गुडघे टेकले. तिचे हात क्षणभर माझ्या डाव्या मांडीवर थांबले.

मग तिनं मानेपासून सुरुवात केली.

बगला. पोट. उजवा पाय, तोही पूर्ण, घोट्यापर्यंत. मग डावा. कात्री. पँट. जखम. पट्टा. दांडी. मी मनात आकडे मोजत होतो आणि विसाला मोजणं सोडून दिलं. रक्त थांबलं. तिनं मान वर केली नाही. तिला माहीत होतं. आई, मामा, लांब जिना, सगळं तिनं जाणूनबुजून माझ्या शेजारी सतरंजीवर ठेवलं होतं.

सार्जंटनं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. त्याला चष्मा नव्हता, लागतही नव्हता.

"एकोणीस," तो म्हणाला.

कारकुनानं लिहायला पेन टेकवलं.

"साहेब," शंका म्हणाली, "तेहतीस तरी..."

"पुन्हा शंका?" सार्जंट गरजला. "घड्याळ कुणाच्या हातात आहे?"

"तुमच्या, साहेब."

"पाय कुणाचा वाचला?"

तिनं त्याच्या कुबडीशेजारच्या उजव्या पायाकडे बघितलं.

"एकोणीस. लिही रे." कारकुनानं लिहिलं. सार्जंटनं आयुष्यात सांगितलेलं ते पहिलं खोटं असावं. सांगून झाल्यावर त्याचे कान लाल झाले होते. शंका तिथेच माझ्या छातीवर डोकं टेकून रडली. पुढच्या आठवड्यात ती शस्त्रक्रिया विभागात गेली. तिकडेही म्हणे तिला हळू म्हणतात. म्हणू देत.

सार्जंटनं पुन्हा एकदा दुरुस्तीचा अर्ज केला. या वेळी समितीनं तातडीनं दखल घेतली. झालेल्या प्रकारातून धडा घेऊन अभ्यासक्रमात सुधारणा केल्याचा आदेश निघाला. एक माणूस हत्यारं घेऊन आला. त्यानं माझ्या डाव्या मांडीतली नळी काढली आणि उजव्या मांडीत बसवली. उजव्या गुडघ्यावरची चिठ्ठी काढून डाव्या गुडघ्यावर लावली. सही घेतली आणि गेला. सार्जंटनं महिन्याभरात निवृत्तीचा अर्ज दिला. त्याच्या जागी नवा सार्जंट आला. विक्रमांचा फळा पुसून कोरा झाला. आता रोज चाळीस वेळा शिटी वाजते, चाळीस जण माझ्या उजव्या अंगाला गुडघे टेकतात आणि 'उजवी मांडी!' म्हणून आरोळी ठोकतात. परवा एकानं नऊ सेकंदांत बांधला. कर्नलसाहेबांनी त्याची पाठ थोपटली.

माझं रबर आता भेगाळलंय. लवकरच माझ्या जागी दुसरा कुणी येईल, त्याचाही बहुधा एकच पाय चालू असेल. जाण्याआधी तुम्हाला एकच विनवणी आहे. कधी तुम्ही रस्त्यात, कारखान्यात, कुठेही रक्तात पडलात आणि कुणी गणवेशातला माणूस विजेच्या वेगानं आला, आरोळी ठोकून तुम्हाला आवळू लागला, तर अंगात जीव असेल तोवर त्याला सांगा, आधी बघ. आणि एखादी मुलगी आली, काही न बोलता मानेपासून हात फिरवू लागली, कात्री काढून तुमची चांगली पँट फाडू लागली, तर ओरडू नका. तुम्हाला वाटेल की ही फार वेळ लावतेय. तिला घाई करायला लावू नका.